सहयोगी वैज्ञानिक संशोधनातील फेरपडताळणी, पारदर्शकता व सचोटी : महाराष्ट्रातील तीन उदाहरणांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

वैज्ञानिक ज्ञान हे कोणा व्यक्तीच्या अधिकारावर उभे नसून कोणालाही तपासून पाहता येईल अशा पुराव्यावर उभे असते, हे आपण पदवीच्या प्रथम वर्षापासून विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत. परंतु संशोधनाचे स्वरूप गेल्या काही दशकांत फार बदलले आहे. एकटा संशोधक, एक प्रयोगशाळा आणि एक निष्कर्ष हे चित्र आता क्वचितच आढळते. एक संस्था जनुक पुरविते, दुसरी झाड तयार करते, तिसरी शेतावर चाचण्या घेते, चौथी सांख्यिकी विश्लेषण करते आणि शोधनिबंधावर सर्वांची नावे येतात. अशा कामात प्रत्येकजण आपल्या तुकड्यापुरता जबाबदार असतो. संपूर्ण निष्कर्षाची जबाबदारी मात्र अनेकदा कोणाचीच नसते. सहयोगी संशोधनातील सचोटीचा प्रश्न येथून सुरू होतो.

हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नाही. 'नेचर' या नियतकालिकाने २०१६ मध्ये १,५७६ संशोधकांचे सर्वेक्षण केले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक संशोधकांनी दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहताना अपयश आल्याचे सांगितले. निम्म्याहून अधिक संशोधकांना स्वतःचाच प्रयोग पुन्हा साधता आला नव्हता. त्यापूर्वी २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सहयोगी प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण निष्कर्ष होते. फेरप्रयोगांत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

प्रस्तुत लेखात फेरपडताळणी, पारदर्शकता व सचोटी या तीन संकल्पना महाराष्ट्रात घडलेल्या तीन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केल्या आहेत. त्यानंतर गंगाखेडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयांनी परस्पर सहकार्याने संशोधन करताना कोणती पथ्ये पाळावीत, याचा विचार केला आहे.

१. संकल्पनांचे स्पष्टीकरण

'फेरपडताळणी' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी अंतर्भूत आहेत. पहिली म्हणजे त्याच आकडेवारीवरून तेच उत्तर पुन्हा काढता येणे. संशोधकाने मूळ नोंदी व गणिताच्या पायऱ्या उपलब्ध करून दिल्या असतील, तर दुसरा संशोधक तोच तक्ता पुन्हा तयार करू शकतो. दुसरी म्हणजे नव्या ठिकाणी, नव्या माणसांनी, नव्या नमुन्यांवर तोच प्रयोग केला असता त्याच दिशेचा निष्कर्ष मिळणे. पहिल्या परीक्षेत गणना तपासली जाते, तर दुसऱ्या परीक्षेत दावा तपासला जातो. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला निष्कर्ष दुसऱ्या परीक्षेत अनुत्तीर्ण होऊ शकतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

'पारदर्शकता' म्हणजे काय केले, कसे केले आणि काय वगळले हे वाचकास कळेल अशा रीतीने मांडणे. 'सचोटी' म्हणजे कोणी तपासणार नसले तरी नोंद जशी आहे तशी ठेवणे आणि शंका उद्भवल्यास ती दडवून न ठेवणे. पारदर्शकता ही पद्धत आहे व सचोटी ही वृत्ती आहे. तथापि, केवळ वृत्तीवर विसंबून संस्था चालत नाहीत. म्हणून चांगल्या वृत्तीला आधार देणारी पद्धत उभी करावी लागते.

२. फेरपडताळणी : गडचिरोलीतील नवजात बालकांची घरगुती शुश्रूषा

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ ते १९९८ या काळात एक क्षेत्रीय प्रयोग केला. गावातीलच प्रशिक्षित महिलेने घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घ्यावी, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखावीत व गरजेनुसार प्रतिजैविकांचे उपचार करावेत, अशी त्यामागील कल्पना होती. त्या काळी असे उपचार रुग्णालयाबाहेर होऊ शकतील यावर वैद्यकीय जगताचा फारसा विश्वास नव्हता. प्रयोगासाठी ३९ गावे निवडण्यात आली व तुलनेसाठी ४७ गावे ठेवण्यात आली. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आला. तुलनेच्या गावांतील बदल विचारात घेता ही घट सुमारे ६२ टक्के होती. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

येथेच संशोधन थांबले असते तर त्यावर काही रास्त आक्षेप शिल्लक राहिले असते. गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. प्रयोग एकाच जिल्ह्यातील होता. शिवाय संस्था अत्यंत समर्पित होती; तेव्हा हे यश पद्धतीचे की माणसांचे, असा प्रश्न कोणीही विचारू शकला असता. या प्रश्नाचे उत्तर युक्तिवादाने देता येत नाही, ते फेरप्रयोगानेच द्यावे लागते.

पुढे नेमके तेच घडले. 'अंकुर' या प्रकल्पात महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी ग्रामीण, आदिवासी व शहरी झोपडपट्टी अशा वेगवेगळ्या परिस्थितीत हीच पद्धत राबविली आणि तेथेही नवजात मृत्युदर सुमारे निम्म्याने घटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच राज्यांत चाचणी घेतली. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात झालेल्या यादृच्छिक विभागणीच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, घरगुती शुश्रूषेच्या गटात ३४ टक्के घट आढळली. दरम्यान २००५ मध्ये 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी' या नियतकालिकाच्या पुरवणीत गडचिरोलीच्या कामाची पद्धत व निष्कर्ष यांवर स्वतंत्र लेखमाला प्रसिद्ध झाली, त्यामुळे इतरांना तपशील उपलब्ध झाला. या सर्व प्रवासानंतर २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर स्वीकारला.

या उदाहरणातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. गडचिरोलीत ६२, 'अंकुर'मध्ये निम्म्याच्या आसपास आणि सिल्हेटमध्ये ३४ टक्के, हे आकडे एकसारखे नाहीत. म्हणून फेरपडताळणी फसली असे म्हणता येणार नाही. दिशा सर्वत्र एकच आहे. परिणामाचे प्रमाण मात्र परिस्थितीनुसार बदलते. फेरप्रयोग निष्कर्ष खरा की खोटा एवढेच सांगत नाही, तर तो कुठे व किती प्रमाणात खरा आहे हेही सांगतो. धोरणकर्त्यास ६२ या एका आकड्यापेक्षा ही व्याप्ती अधिक उपयोगी पडते.

३. पारदर्शकता : पुण्यातील फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी

दुसरे उदाहरण भिन्न विचारांच्या माणसांनी एकत्र येऊन केलेल्या चाचणीचे आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले श्री. प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ज्योतिषांना एक जाहीर आवाहन केले. जन्मपत्रिकेवरून मूल बुद्धिमान आहे की मतिमंद हे सांगता येते का, एवढाच मर्यादित प्रश्न होता. त्यासाठी १०० बुद्धिमान व १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार करण्यात आल्या. सहभागी ज्योतिषास त्यांपैकी ४० पत्रिका यादृच्छिक पद्धतीने निवडून दिल्या गेल्या.

या चाचणीचे खरे मोल तिच्या निकालापेक्षा तिच्या रचनेत आहे. संशोधकांची भूमिका सर्वांना ठाऊक होती. ते फलज्योतिषाचे समर्थक नव्हते. अशा वेळी निकालावर विश्वास कसा बसावा? त्यासाठी पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देण्यात आले व कोणती पत्रिका कोणाची याची माहिती बंदिस्त ठेवण्यात आली. ४० पैकी किमान २८ उत्तरे बरोबर आली तर यश मानायचे, हा निकषही आधीच जाहीर करण्यात आला. निव्वळ नाणेफेक करून २८ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते, हे संख्याशास्त्राच्या कोणत्याही प्राध्यापकास सहज तपासता येईल.

५१ ज्योतिषांनी पत्रिका घेतल्या. त्यांपैकी २७ जणांनी उत्तरे पाठविली. सर्वांची मिळून अचूकता सुमारे ४६ टक्के होती व सर्वोच्च गुण २४ होते. ज्या एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या, तिची अचूकता ५१ टक्के होती. २००९ मध्ये हा अभ्यास 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे निकष आधी ठरविण्याचे महत्त्व ध्यानात येते. ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के. हा आकडा एकटा पाहिला तर कोणी म्हणेल की या एका ज्योतिषास काहीतरी कळते. परंतु २७ जणांनी नुसती नाणेफेक केली असती, तरी सरासरीने तीन-चार जणांना २४ किंवा अधिक गुण मिळाले असते. निकाल हाती आल्यावर निकष ठरविला असता, तर सोयीचा आकडा शोधणे दोन्ही पक्षांना शक्य होते. भारतात औषधांच्या मानवी चाचण्यांसाठी २००७ मध्ये सुरू झालेली व जून २००९ पासून सक्तीची झालेली चाचणी-नोंदणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. काय मोजणार हे आधी सांगावे व मग मोजावे, इतके ते साधे आहे.

४. सचोटी : बिकानेरी नरमा बीटी कापसाचे प्रकरण

तिसरे उदाहरण मराठवाड्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांशी थेट संबंधित असल्याने त्याचा अधिक विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल.

मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कापसास व्यापारी लागवडीची परवानगी मिळाली. हे तंत्रज्ञान खासगी कंपन्यांचे होते व ते प्रामुख्याने संकरित वाणांतून आले. संकरित वाणाचे बियाणे शेतकऱ्यास दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. घरचे बियाणे राखून पुढील हंगामात पेरता येईल असे बीटी कापसाचे सरळ वाण सार्वजनिक संस्थांनी विकसित करावे, ही अपेक्षा त्यामुळे रास्त होती. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि नवी दिल्लीचे राष्ट्रीय वनस्पती जैवतंत्रज्ञान संशोधन केंद्र यांच्या सहयोगातून 'बिकानेरी नरमा बीटी' हे वाण पुढे आले. त्यातील जनुकीय बदलास 'बीएनएलए १०६' असे नाव देण्यात आले. २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली व २००९ च्या खरीप हंगामात बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने पूर्वी विकसित केलेल्या व आपल्या भागात अत्यंत लोकप्रिय झालेल्या 'एनएचएच ४४' या संकरित वाणाचे बीटी रूपही याच बदलाच्या आधारे तयार करण्यात आले होते.

परंतु या बियाण्यात 'मॉन ५३१' हा खासगी कंपनीचा जनुकीय बदल असल्याचे आढळले आणि २००९ च्या अखेरीस बीजोत्पादन थांबविण्यात आले. हे प्रकरण सर्वसामान्यांपर्यंत मात्र सुमारे दोन वर्षांनी पोहोचले. २०१२ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रा. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या वाणात 'मॉन ५३१' असल्यावर, तसेच विकास, परीक्षण व प्रसार या टप्प्यांवर आवश्यक त्या तपासण्या न झाल्यावर समितीच्या अहवालाने बोट ठेवले. व्यक्तिगत दोष कोणाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तीन नामांकित संस्था एकत्र असताना हे लक्षात का आले नाही, हा प्रश्न आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

याचे उत्तर चाचणीच्या स्वरूपात आहे. 'मॉन ५३१' मध्येही बोंडअळीला रोखणारे त्याच जातकुळीचे प्रथिन तयार होते. त्यामुळे पानाचा रस घेऊन प्रथिनाची पट्टी-चाचणी केली, तर ती दोन्ही प्रसंगी होकारार्थीच येणार. शेतात लागवड केली, तर बोंडअळीचा प्रतिकार दोन्ही प्रसंगी दिसणारच. दहा ठिकाणी चाचणी घेतली तरी दहाही ठिकाणी पेरलेले बियाणे मुळात एकाच स्रोतातून आलेले असेल, तर एकच चूक दहा वेळा 'सिद्ध' होईल. ठिकाणे वेगळी असणे म्हणजे पुरावा स्वतंत्र असणे नव्हे.

हा दोष उघड करू शकणारी चाचणी वेगळी होती. जनुक झाडाच्या गुणसूत्रात जिथे जाऊन बसते, त्या जागेच्या दोन्ही बाजूंचा डीएनए क्रम प्रत्येक जनुकीय बदलात वेगळा असतो. त्या क्रमावर आधारित चाचणीने 'बीएनएलए १०६' खरोखर आहे का आणि 'मॉन ५३१' नाही ना, हे दोन्ही प्रश्न निकालात निघतात. ही चाचणी प्रत्येक हस्तांतराच्या वेळी, म्हणजे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेस बियाणे सोपविताना केली असती, तर बियाणे शेतकऱ्याच्या हाती जाण्यापूर्वीच प्रश्न समोर आला असता. परंतु देणाऱ्या संस्थेवर घेणाऱ्या संस्थेचा विश्वास असतो. सहकाऱ्याने दिलेली वस्तू तपासणे हा त्याचा अपमान वाटतो. आपल्या शैक्षणिक संस्कृतीत तर हा संकोच अधिकच आहे. वास्तविक, स्वीकारताना केलेली तपासणी ही सहकाऱ्यावरील अविश्वासाची खूण मानण्याचे कारण नाही. उद्या कोणी शंका घेतली तर त्याच्या बचावाचा तो पहिला पुरावा ठरतो.

या प्रकरणात सर्वांत मोठी हानी शेतकऱ्यांची झाली. स्वस्त, राखून पेरता येणारे सार्वजनिक बीटी वाण त्या वेळी त्यांच्या हातून निसटले आणि सार्वजनिक संशोधनावरील त्यांच्या विश्वासास तडा गेला. संशोधनातील सचोटी हा केवळ विद्वज्जनांच्या प्रतिष्ठेचा विषय नाही, हे यावरून दिसून येते.

५. महाविद्यालयीन स्तरावरील सहयोगी संशोधन

आपल्या महाविद्यालयांतील संशोधन इतक्या मोठ्या प्रमाणावर होत नाही हे खरे. परंतु तत्त्वे तीच आहेत. उदाहरणादाखल, पैठण, गंगाखेड व नांदेड येथील तीन महाविद्यालयांनी मिळून गोदावरीच्या पाण्याच्या गुणवत्तेचा वर्षभर अभ्यास करावयाचे ठरविले, अशी कल्पना करू. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत तिन्ही विभागांत शिकविली जाते. पण एका ठिकाणी नमुना सकाळी सहा वाजता घेतला व दुसऱ्या ठिकाणी दुपारी दोन वाजता घेतला, तर आकड्यांत मोठा फरक पडेल. कारण दिवसा शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू वाढतो व पहाटे तो सर्वांत कमी असतो. एकाने नदीकाठीच मँगनीज सल्फेट व अल्कलाइन आयोडाइड घालून प्राणवायू स्थिर केला आणि दुसऱ्याने बाटली तशीच प्रयोगशाळेत आणली, तरीही तेच होईल. मग शोधनिबंधात 'गंगाखेडपेक्षा नांदेड येथे प्रदूषण अधिक' असा निष्कर्ष छापला जाईल आणि प्रत्यक्षात तो केवळ घड्याळातील फरक असेल. हे टाळण्यासाठी पुढील पथ्ये उपयुक्त ठरतील.

(अ) लेखी करार : सीमापार सहयोगी संशोधनासाठी २०१३ मध्ये मॉन्ट्रिअल येथे मांडण्यात आलेल्या निवेदनात जबाबदाऱ्या, माहितीची मालकी, लेखकत्व व मतभेद यांविषयी आरंभीच स्पष्टता असावी यावर भर दिला आहे. दोन महाविद्यालयांमध्येही एक पानी करार पुरेसा आहे. मात्र तो काम सुरू होण्यापूर्वी झाला पाहिजे.

(आ) समान कार्यपद्धती : नमुन्याची वेळ, जागा, खोली, बाटलीचा प्रकार, रसायनांची तीव्रता व त्यांच्या प्रमाणीकरणाची तारीख हे सर्व लिहून तिन्ही ठिकाणी एकच प्रत ठेवावी.

(इ) सांकेतिक नमुन्यांची देवाणघेवाण : कठीणपणा व क्लोराइड यांसारख्या टिकाऊ घटकांसाठी एकाच कॅनमधील पाणी तीन बाटल्यांत भरून, केवळ क्रमांक टाकून, तिन्ही प्रयोगशाळांना पाठवावे. उत्तरे जुळली नाहीत तर दोष नदीत नसून प्रयोगशाळेत आहे, हे वेळीच कळते.

(ई) नोंदवही : पृष्ठक्रमांक असलेली बांधीव वही वापरावी. चुकलेली नोंद खोडून न टाकता एका आडव्या रेघेने रद्द करावी व शेजारी तारीख आणि आद्याक्षरे लिहावीत. संगणकावरील तक्त्यात मूळ वाचने स्वतंत्र ठेवावीत. सरासरी काढून झाल्यावर ती पुसू नयेत.

(उ) लेखकत्व : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनुसार लेखकाने कामात भरीव योगदान देणे, लेखनात वा त्याच्या समीक्षेत सहभागी होणे, अंतिम मसुद्यास संमती देणे व कामाची जबाबदारी स्वीकारणे या चारही अटी पूर्ण व्हाव्यात. विभागप्रमुख असणे वा निधी मिळवून देणे एवढ्यावर नाव देणे योग्य नव्हे. तसेच नमुने गोळा करण्याबरोबरच विश्लेषण व लेखन करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव गाळणेही योग्य नव्हे.

(ऊ) नकारात्मक निष्कर्ष : अपेक्षित फरक आढळला नाही, हेही प्रसिद्ध व्हावे. अन्यथा तोच निष्फळ प्रयोग शेजारचे महाविद्यालय पुन्हा करील.

६. नियम व त्यांच्या मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांतून शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन आले व शोधनिबंधांची संख्या पदोन्नतीशी जोडली गेली. संख्या वाढली, तशा निकृष्ट नियतकालिकांच्या तक्रारीही वाढल्या. २०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियम आणले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यापुढील साम्यासाठी चढत्या श्रेणीने दंड ठरविले. २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. आयोगाची नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी आता मुख्यतः संस्थांवर आली आहे.

हे सर्व नियम आवश्यक आहेत; परंतु त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. साम्य तपासणारी संगणक-प्रणाली शब्द तपासते, नोंदी तपासत नाही. घरी बसून रचलेल्या आकड्यांचा तक्ता कोणत्याही लेखाशी जुळत नाही. त्याचे साम्य शून्य टक्के येते. बिकानेरी नरमाच्या प्रकरणातील उणीव कोणत्याही साम्य-तपासणीत सापडली नसती. म्हणून महाविद्यालयांतून निघणाऱ्या समीक्षित नियतकालिकांनी लेख स्वीकारताना साम्य-अहवालाबरोबर मूळ नोंदींचा तक्ता व प्रत्येक लेखकाच्या योगदानाचे दोन ओळींचे निवेदन मागविले, तर फारसा खर्च न होता दर्जात मोठा फरक पडू शकेल.

समारोप

वरील तिन्ही उदाहरणांत सहभागी मंडळी विद्वान होती व संस्था नामवंत होत्या. फरक पडला तो पद्धतीमुळे. गडचिरोलीच्या निष्कर्षास इतरांनी पुन्हा तपासल्यामुळे बळ मिळाले. पुण्याच्या चाचणीत संशोधकांनी स्वतःच्याच मतापासून निकाल सुरक्षित ठेवला. कापसाच्या वाणात मात्र विश्वास होता, पण तपासणी नव्हती. सहयोग वाढेल तसतसा विश्वास अधिक लागेल आणि म्हणून तपासणीही अधिक लागेल. आपल्या पंचक्रोशीतील शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरील छापील शब्दावर विश्वास ठेवतो. त्या शब्दामागे कोणीतरी वहीत प्रामाणिकपणे लिहिलेली एक नोंद असते. ती नोंद कशी ठेवावी हे विद्यार्थ्यास पदवीच्या प्रयोगशाळेत शिकविण्याचे काम आपले आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत अपेक्षित उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा प्रत्यक्ष आलेले उत्तर लिहून फरकाचे कारण शोधणाऱ्या विद्यार्थ्यास अधिक गुण देण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.